चेहऱ्यावरचे वय

आपले वय आपल्याला आरशात दिसते खरे, पण ते उमगते इतरांच्या चेहऱ्यांवरून. शाळेतील सोबती पंचवीस वर्षांनी भेटला, की त्याच्या पिकलेल्या केसांत आपण आपलीच वर्षे मोजू लागतो. दूरचित्रवाणीवरील दीर्घ मालिकांनी या अनुभवात एक निराळी भर घातली आहे. चित्रपटातील नट तीन तासांत येतो आणि जातो. मालिकेतील नट मात्र वर्षानुवर्षे आपल्या दिवाणखान्यात येतो आणि आपल्याबरोबर म्हातारा होतो. किंबहुना, तो तसा दिसू नये म्हणून त्याच्या चेहऱ्यावर पुष्कळ परिश्रम घेतले जातात. या परिश्रमांकडे निव्वळ करमणुकीच्या धंद्यातील बाब म्हणून पाहावे, की त्यांत काही नैतिक प्रश्न दडलेला आहे, याचा थोडा विचार करणे आवश्यक वाटते.

या मालिकांना 'सोप ऑपेरा' हे नाव पडले ते साबणामुळे. १९३०च्या दशकात अमेरिकन रेडिओवर दुपारच्या वेळी गृहिणींसाठी कौटुंबिक कथा प्रसारित होत आणि त्यांचा खर्च साबण तयार करणाऱ्या कंपन्या उचलीत. 'गायडिंग लाइट' ही कथा १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ साली दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ साली संपली. बहात्तर वर्षांत किती पिढ्या तिच्यासमोर बसल्या असतील! 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' या मालिकेतील पहिले वाक्य १९५६ साली हेलन वॅग्नर या अभिनेत्रीने उच्चारले. काही खंड वगळता ती त्याच भूमिकेत राहिली आणि २०१० साली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, तिचे निधन झाले. तरुण माता म्हणून आलेली स्त्री प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत आजी झाली. इंग्लंडमधील 'कोरोनेशन स्ट्रीट'च्या डिसेंबर १९६०मधील पहिल्या भागात विल्यम रोच हे अठ्ठावीस वर्षांचे नट होते. नव्वदी ओलांडल्यावरही त्यांनी ती भूमिका सोडली नाही. मानवी चेहऱ्याचा एवढा दीर्घ प्रवास दुसऱ्या कोणत्याही कलेने क्वचितच टिपला असेल.

परंतु या प्रवासाची दुसरी बाजूही आहे. दुपारच्या अमेरिकन मालिकांचे जाहिरातदार प्रामुख्याने अठरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांकडे डोळा ठेवून पैसे मोजीत. पन्नाशी गाठलेली अभिनेत्री त्यांच्या हिशेबात बसत नसे. मग प्रकाशयोजना मदतीला येई. दिवा बाजूने लावला तर सुरकुतीची सावली पडते. समोरून मऊ प्रकाश सोडला तर ती पुसली जाते. कॅमेऱ्याच्या भिंगावर धूसर काच बसवली की त्वचा नितळ दिसते. पुढे अतिस्पष्ट चित्रण करणारे कॅमेरे आले आणि जुना जाड लेप उघडा पडू लागला. तेव्हा रंगभूषाकारांनी तो बारीक फवाऱ्याने मारण्यास आरंभ केला. लपवण्याचे तंत्र बदलले, लपवण्याची गरज मात्र कायम राहिली.

या मालिकांत आणखी एक विलक्षण प्रकार आढळतो. पाळण्यातील बाळ काही महिने पडद्याआड जाते आणि परत येते ते थेट महाविद्यालयात प्रवेश घेण्यासाठी! कारण उघड आहे : बाळाला प्रेमप्रकरण नसते. मुले अशी झपाट्याने वाढतात, आईवडील मात्र होते तेथेच थांबतात. आपल्याकडेही हे घडले. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका जुलै २०००मध्ये सुरू झाली, तेव्हा स्मृती इराणी चोवीस वर्षांच्या होत्या. कथेने वर्षांच्या उड्या घेतल्या आणि तिशीच्या आसपासची ही अभिनेत्री आजीच्या भूमिकेत दिसू लागली. अशा घराचे गणित पडद्यावर खपून जाते. पण ते रोज पाहणाऱ्या घरातील पन्नाशीच्या स्त्रीला स्वतःचा चेहरा चुकीचा वाटू लागतो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. रंगभूषा म्हणजे असत्य नव्हे. १९८६ साली दूरदर्शनवर आलेल्या 'बुनियाद' या मालिकेत तरुण नटांनी फाळणीच्या आधीपासून नंतरच्या कित्येक वर्षांपर्यंतचे आयुष्य उभे केले. पांढरे केस खोटे होते, सुरकुत्या रंगवलेल्या होत्या. तरीही त्यांतून जे प्रकट झाले ते खरे होते. काळ माणसावर काय कोरून जातो, हे त्या रंगाने सांगितले. याउलट, नटाची स्वतःची त्वचा, स्वतःचे केस असूनही सारे मिळून 'काळ गेलाच नाही' असे सांगू शकतात. म्हणजे कृत्रिमता हा दोष नाही. त्या साधनाने आपण कोणते विधान करतो, हा खरा प्रश्न आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या विषयाचा विचार केलेला आढळतो, हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. करमणूक ही मानवी जीवनाची गरज आहे, म्हणून नटाचा व्यवसाय मुळात अनुचित नाही, असे ते म्हणतात. चेहरा रंगवण्याबाबतही ते सूक्ष्म भेद करतात : आजारासारख्या कारणाने आलेले वैगुण्य झाकणे वेगळे आणि आपल्यापाशी नसलेल्या सौंदर्याचा देखावा करणे वेगळे. आपल्यापुढील प्रश्न नेमका या दोहोंच्या मध्ये उभा आहे. वार्धक्य हे आजारासारखे वैगुण्य आहे काय? तसे असेल, तर ते झाकण्यास हरकत नाही. ते आयुष्याचा स्वाभाविक टप्पा असेल, तर मात्र त्याला वैगुण्य ठरवणारी दृष्टीच आधी तपासली पाहिजे.

या संदर्भात जीन कूपर या अभिनेत्रीचे उदाहरण मननीय आहे. 'द यंग अँड द रेस्टलेस' या मालिकेत ती १९७३पासून कॅथरीन चॅन्सलर या धनाढ्य स्त्रीची भूमिका करीत होती. १९८४ साली, पंचावन्न वर्षांची असताना, तिने चेहरा ताणून घेण्याची शस्त्रक्रिया करवून घेतली. ती लपवण्याऐवजी तिची दृश्ये मालिकेच्या कथानकातच दाखवण्यात आली. नटीची शस्त्रक्रिया हीच पात्राची शस्त्रक्रिया झाली. यात एक रोकठोक प्रामाणिकपणा आहे, हे मान्य केले पाहिजे. हे तारुण्य निसर्गाने दिले, असा आव तिने आणला नाही. त्याची वेदनेत मोजलेली किंमतही दाखवली. पुढे २०१३ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत, ती त्याच भूमिकेत राहिली.

तरीही एक शंका उरते. उघडपणे केलेली गोष्ट तेवढ्यानेच योग्य ठरत नाही. स्त्रीने काम टिकवण्यासाठी चेहऱ्यावर शस्त्र चालवून घ्यावे आणि तिच्याच वयाच्या नटाच्या पांढऱ्या कल्ल्यांना आपण 'भारदस्त' म्हणावे, यातील अन्याय प्रामाणिकपणाने नाहीसा होत नाही. मग दोष कोणाचा? अभिनेत्रीचा म्हणण्यास माझे मन धजत नाही. तिचा चेहरा हे तिच्या उपजीविकेचे साधन आहे. जाहिरातदार म्हणेल, लोकांना जे हवे ते मी देतो. म्हणजे बोट फिरत फिरत आपल्याच दिशेने येते. वय दिसू लागलेल्या नटीला पाहून 'किती उतरली ही!' असे आपण सोफ्यावर बसून सहज म्हणतो. शेजारी आई बसलेली असते, तीही ते ऐकते.

आपल्या धर्मग्रामांत या दृष्टीचा शिरकाव झाला आहे, हे मी पाहतो. मृत्यूच्या निवेदनासाठी कुटुंबीय छायाचित्र आणतात, ते अनेकदा वीस वर्षांपूर्वीचे असते. 'अलीकडचे नाही काय?' असे विचारले, की 'शेवटी शेवटी चेहरा चांगला राहिला नव्हता, फादर,' असे उत्तर येते. त्यामागे प्रेम असते, यात संशय नाही. आजारापूर्वीची आई लक्षात राहावी, ही इच्छा अगदी मानवी आहे. पण त्याच शेवटच्या वीस वर्षांत त्या माउलीने नातवंडे सांभाळली, पतीची शुश्रूषा केली, पहाटेच्या मिस्साला चालत येणे सोडले नाही. ज्या चेहऱ्याने हे सारे केले, तोच आपण बाजूला ठेवतो.

केस रंगवू नयेत, असा निष्कर्ष यातून काढू नये. तो ज्याच्या त्याच्या आवडीचा आणि ऐपतीचा प्रश्न आहे. सणासुदीला नटण्यात आनंद आहे आणि दुसऱ्याला प्रसन्न दिसावे यात सौजन्यही आहे. मात्र प्रत्येकाने स्वतःला एवढे विचारावे : हे मी आनंदाने करतो आहे की भीतीने? आणि ती भीती असेल, तर ती माझ्या मनात कोणी घातली? ज्या घरात वृद्धांचा शब्द विचारला जातो, त्यांच्या ताटात वेळेवर वाढले जाते, त्यांचे छायाचित्र आजचे म्हणून भिंतीवर लागते, त्या घरातील तरुण मुलीला चाळिशीचे भय कमी वाटेल. पडद्यावरील चेहरे बदलणे आपल्या हाती नाही. आपल्या घरातील म्हाताऱ्या चेहऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहायचे, हे मात्र आपल्याच हाती आहे, आणि मुले ती नजर आपल्याकडूनच उचलतात.