लिंक पाठवण्याआधी

जोडकमाईत वाईट काही नाही. एकाच पगारावर चाललेली घरं सोलापुरात मी फारशी पाहिलेली नाहीत. 1877 साली सुरू झालेली जुनी मिल बंद पडली, पुढे बाकीच्या गिरण्याही गेल्या. पण त्यांचे भोंगे वाजत होते तेव्हाही बाया घरी विड्या वळतच होत्या. माझी आई त्यांतलीच. मजुरी हजार विड्यांवर, आणि तपासणारा नापास करील तेवढ्या वजा. त्यामुळे दिवसा दुकानाचे हिशेब लिहून रात्री चार पैसे जास्त मिळवण्याची मला लाज वाटत नाही. तपासायचं आहे ते वेगळंच. हे पैसे मला नेमके कशाचे मिळतात?

वरवर पाहता लिंकचे. मी व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलवर घरगुती वस्तूंच्या लिंक टाकते, त्यावरून कोणी खरेदी केली की विकणारी कंपनी मला कमिशन देते. अ‍ॅमेझॉनने ही पद्धत 1996 साली अंगीकारली. आज कितीतरी कंपन्या तशीच चालवतात. चॅनेलवरची बरीच माणसं मला ओळखतात. माहेरची गल्ली, मुलाच्या शाळेतल्या आया, जुन्या मैत्रिणी. कुकर चांगला आहे हे त्यांना कंपनीही सांगते. तरी ती बोट ठेवतात माझ्या लिंकवर, कारण सांगणारी मी आहे. म्हणजे विकला जातो तो त्यांचा माझ्यावरचा विश्वास, आणि तो काही मी एकटीने कमावलेला नाही. आईने त्या गल्लीत तीस-चाळीस वर्षं कुणाचे पैसे बुडवले नाहीत, त्याचाही वाटा त्यात आहे.

गिऱ्हाइकाला एक पैसाही जास्त पडत नाही, हे समाधान या धंद्यातले सगळेच स्वतःला देतात. ते खोटं नाही. फरक पडतो तो माझ्या निवडीत. कमिशन टक्क्यांवर असतं, टक्का वस्तूच्या प्रकारावर, आणि महाग वस्तूवर रक्कम साहजिकच मोठी. आमच्या घरी वर्षानुवर्षं चाललेला साधा मिक्सर आणि त्याच्या दुपटीचा नवा मिक्सर शेजारी शेजारी दिसले की माझं मन कुठे झुकतं, ते मला स्पष्ट दिसतं. मग नव्याची कारणं आपोआप सुचू लागतात.

कायद्याने याचा विचार केलेला आहे. जून 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. शिफारस करणाऱ्याचा विकणाऱ्याशी आर्थिक संबंध असेल तर तो लोकांना कळला पाहिजे, मत खरं असलं पाहिजे, आणि त्यामागे वस्तूची पुरेशी माहिती किंवा अनुभव असला पाहिजे. फसवणाऱ्याला 10 लाख रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. मी प्रत्येक लिंकच्या वर मराठीत लिहिते की या खरेदीवर मला कमिशन मिळतं. एवढ्याने कायद्याची पहिली अट पुरी होते. ‘पुरेशी माहिती’पाशी मात्र मन पळवाट शोधतं. दोन व्हिडिओ पाहिले, शेकडो रिव्ह्यू चाळले, झाली की माहिती! त्या रिव्ह्यूंतले किती पैसे देऊन लिहून घेतलेले असतील, हे माहीत असूनही. माझी आई न वळलेल्या विडीचे पैसे कधी मागू शकली नाही. न वापरलेल्या वस्तूबद्दल मी ‘घ्या’ म्हणावं का?

त्याहून जास्त टोचणारी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या लिंकवरून आत गेलेल्या माणसाने साधारण चोवीस तासांत तिथे दुसरंच काही घेतलं तरी त्याचं कमिशन मला मिळतं. ते मला रिपोर्टमध्ये दिसतं. रिपोर्टमध्ये वस्तूंची नावं असतात, घेणाऱ्यांची नसतात. पण चॅनेल एवढासा आणि माणसं ओळखीची. एका सकाळी साखर मोजायचं यंत्र, त्याच्या पट्ट्या आणि मोठ्या माणसांचे डायपर एकाखाली एक दिसले. कोणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय, हे मनाने मला न विचारताच शोधायला सुरुवात केली, आणि एका घरापाशी येऊन ते थांबलंही. त्या घरातल्या सुनेने हे कुणाला सांगितलेलं नव्हतं. तिने ते माझ्यापासूनही लपवूनच ठेवलं होतं. आता ती भाजीबाजारात भेटली की सासऱ्यांची चौकशी करावी की करू नये, हे मला कळत नाही. यादी उघडायचीच नाही असं ठरवलं तर काय खपतं ते समजत नाही, आणि ते समजल्याशिवाय कमाई वाढत नाही. कमाई वाढवायची तर शेजाऱ्याच्या पिशवीत डोकवावं लागतं. यातून मला अजून वाट सापडलेली नाही.

चादरीच्या बाबतीत मात्र माझं ठरलेलं आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळून वीस वर्षं झाली. खरी चादर हातात घेतली की जड लागते. सुती, जेकार्डवर विणलेली. नक्षी वरून छापलेली नसते, विणीतच असते, म्हणून उलट बाजूलाही तीच फुलं रंग पालटून दिसतात. पानिपतला तयार झालेल्या चादरी सोलापुरी नावाने खपतात, ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार. ऑनलाइन ‘सोलापुरी’ म्हणून शोधलं की स्वस्त, हलक्या चादरी भराभर समोर येतात. बनवणाऱ्याचा पत्ता खाली बारीक अक्षरांत असतो आणि तो बऱ्याचदा सोलापूरचा नसतो. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, थंडीत, अशी एक लिंक टाकली तर चांगली कमाई होईल हे मला माहीत आहे. मी नाही टाकली म्हणून ती चादर खपायची थांबणार आहे का, असं मन म्हणतं. नाही थांबणार. कुणाच्या तरी शब्दावर ती जाईलच. पण जिथे माग बंद करून माणसं पुण्याला वॉचमनची नोकरी धरतात, त्या गावात राहून ती माझ्या शब्दावर जाऊ नये.

‘ताई, मलाही शिकवा, घरबसल्या महिन्याला तीस हजार मिळतात म्हणे,’ असे मेसेज येतात. शिकवायची फी घेणं हा वस्तू विकण्यापेक्षा सोपा पैसा आहे. मी त्यांना माझा महिन्याचा खरा आकडा सांगते. बहुतेक महिन्यांत त्यात गॅसचं सिलिंडर आणि विजेचं बिल निघतं. पुढचे मेसेज सहसा येत नाहीत.

सध्या माझ्यासमोर शेंगा चटणीचा प्रश्न आहे. आमच्या शेजारच्या काकू शेंगदाणे, लसूण, तिखट असं उखळात कुटतात, तेल सुटेपर्यंत. पुण्या-मुंबईकडे ती चटणी पाठवायची कल्पना माझी. अन्नसुरक्षेची नोंदणी, चौदा आकडी क्रमांक, पाकीट, फोटो, कुरिअर, हे सगळं मी करीन. काकू म्हणाल्या, ‘मला किलोमागं काय द्यायचं ते तूच ठरव गं, तुला कळतंय.’ हिशेब मांडायला मला येतो, म्हणूनच तिथे भीती आहे. पाकिटाचा, कुरिअरचा, माझ्या वेळेचा भाव मी रुपयापर्यंत लावला. कुटण्याच्या वेळेचा रकाना मांडायचं मात्र शेवटी सुचलं. तो कागद मी बाजूला ठेवला आहे. रविवारी काकूंकडे बसून नवा करणार आहे, आणि पहिल्या ओळीत एक किलो कुटायला लागणारे तास त्यांच्याच तोंडून लिहून घेणार आहे.