धडा आणि पाणी

पूर्णा-नांदेड लोहमार्गावर परभणी जिल्ह्यातील चुडावा हे गाव लागते. हा मराठवाडा, येथील लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये आगगाडीने पाणी पाठवावे लागले. अशा मुलखातील शाळेतही आपण शिकवतो : जेवणापूर्वी साबणाने हात धुवा. शिकवण खरी आहे, त्याने अतिसार घटतो. पण शाळेचा नळच कोरडा असेल तर? जे पाळण्याचे साधन आपण दिले नाही, ते न पाळल्याचा दोष मुलावर ठेवणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचालये व पिण्याचे पाणी शाळांना बंधनकारक केले. शौचालये पुष्कळ ठिकाणी उभीही राहिली. ती रोज धुवायची कोणी, हे मात्र बांधकामाने ठरत नाही. मग दाराला कुलूप लागते. नाहीतर ज्यांच्या आईबापांच्या हाती गावाने पिढ्यान्‌पिढ्या झाडू दिला, त्यांच्याच मुलांना तो उचलावा लागतो. स्वच्छतेच्या नावाने शाळा तेव्हा जातीचाच धडा देते, आणि तो मुले चटकन शिकतात! गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत, कीर्तन रात्री करीत. शाळेतही सफाईची पाळी लावावी, तर तीत पहिले नाव मुख्याध्यापकांचे असावे.