बापाचं शस्त्र


सुरंगीच्या बैठकीत एका वडिलांनी आम्हांला विचारलं, "लेक रात्रपाळीहून उशिरा येते. खिशात पिस्तूल ठेवलं तर पाप लागेल का?"

माऊलींनो, लेकराचं रक्षण हे पाप नाही, धर्मच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५ दुसऱ्याचा जीव वाचवायचाही हक्क देतं. कलम ३७ सांगतं, मार गरजेपुरताच. पिस्तुलाला १९५९च्या शस्त्र कायद्याने परवाना लागतो.

पण परवाना मिळाला तरी मनातलं भय जात नाही. भ्यालेला हात अंधारात आपला-परका ओळखत नाही. घरी विसरलेलं पिस्तूल नातवाच्या हाती लागतं.

म्हणून आजपासून ठरवू या: कुणाचीही लेक रात्री फाट्यावरून एकटी येणार नाही. आपल्यातलं कुणीतरी घ्यायला जाईल. मोबाईलात ११२, मुखी नाम.

हीच सेवा. 🙏