न दुखणारा आजार

दाढ ठणकायला लागली की माणूस मध्यरात्रीसुद्धा लवंग शोधतो आणि सकाळी दातांच्या डॉक्टरांकडे पहिला नंबर लावतो. हिरडीतून रक्त आले तर मात्र चूळ भरून कामाला लागतो. नाकातून असे रोज रक्त आले असते, तर घर काळजीत पडले असते. आपण आजाराची पारख वेदनेवरून करतो आणि हिरड्यांचा आजार बहुतेकदा वर्षानुवर्षे दुखतच नाही. दात साफ करून घेण्याची टाळाटाळ आळसापेक्षा या पारखीतून येते, असे मला वाटते.

घासलेल्या दातांवर काही तासांतच जंतूंचा चिकट थर पुन्हा धरू लागतो. तो ब्रशने निघतो. ब्रश जिथे पोचत नाही तिथे लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरते आणि काही दिवसांत त्याचे कीटण होऊ लागते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते लवकर साठते, कारण लाळग्रंथींची तोंडे तिथे जवळच आहेत. एकदा घट्ट झालेले कीटण घरी घासून निघत नाही. फार जोर लावला तर हिरडी तेवढी सोलवटते.

१९६५ साली दंतसंशोधक हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे बंद केले. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे सुरू केल्यावर पुन्हा निरोगी झाल्या. इथवर आलेला माणूस मागे फिरू शकतो. त्यापुढे सूज खोल उतरते, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते, आणि ते आपोआप भरून येत नाही.

‘मशीनने साफ केले की दात हलायला लागतात,’ हे घराघरांत ऐकू येते. हा अनुभव खोटा नाही, पण त्याचे कारण भलतीकडेच लावले जाते. कीटण निघाल्यावर फटी दिसतात, दात शिवशिवतात, एखादा हलतोही. हाड मात्र आधीच गेलेले असते. दात शेजारच्या दातांना सांधून कीटणाने ती झीज झाकलेली असते. या मशीनचे, म्हणजे स्केलरचे, टोक कंपनांनी कीटण फोडते, पाणी ते वाहून नेते, आणि कुशल हातात दाताच्या कवचाला इजा होत नाही. ज्या उपायाने उरलेले हाड वाचले असते त्यालाच लोक भितात, याचे मला फार वाईट वाटते. आपल्याकडच्या कितीतरी बायका तर दात स्वच्छ राहावेत म्हणून मिश्री लावू लागतात. ती भाजलेली तंबाखूच. तिची सवय सुटत नाही आणि हिरड्यांची हानी होत राहते.

दर सहा महिन्यांनी सगळ्यांनीच दात साफ करून घ्यावेत का? या नियमाला भक्कम आधार नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८च्या आढाव्यात, गंभीर आजार नसलेल्या आणि नियमित तपासणी करून घेणाऱ्या प्रौढांना ठरावीक काळाने केलेल्या सफाईचा दोन-तीन वर्षांत विशेष फायदा दिसला नाही. पण ती माणसे तपासणीला जात होती! आपल्याकडे ज्यांनी पन्नाशी गाठूनही डॉक्टरांना तोंड कधी दाखवलेले नसते, त्यांना हा निष्कर्ष लावता येणार नाही. किती काळाने साफ करायचे हे हिरड्या पाहून ठरते: कुणाला तीन महिन्यांनी, कुणाला वर्षाने.

मधुमेह्यांनी तर हे मनावर घ्यावे. साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांची सूज साखर आवरणे अवघड करते. हिरड्यांखालची सफाई केल्यावर पुढच्या काही महिन्यांत साखरेची सरासरी थोडी खाली येते, हे अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून साखर तपासणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात ‘दात घासताना रक्त येते का?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. डॉक्टरांनी नाही विचारला, तर रुग्णाने स्वतःहून सांगावे.