दोन भाऊ, दोन रिपोर्ट

सुरतच्या लिंबायतमध्ये नंदुरबारकडचे दोन भाऊ राहत होते. तरुणपणी तापी लाइनच्या गाडीने आले आणि यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करून त्यांनी संसार उभे केले. थोरल्याला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह होता, हल्ली त्याचे पाय सुजायचे. धाकट्याची कंबर महिनोन्‌महिने ठणकायची, जिना चढताना धाप लागायची. दोघांचं उत्तर एकच, "दिवसभर लूमपुढे उभं राहिल्यावर दुसरं काय होणार?"

वस्तीत रक्ततपासणीचं शिबिर झालं. रिपोर्ट आले. थोरल्याचं एकूण प्रोटीन 4.9, धाकट्याचं 9.6. शेजारी कागदावर छापलेलं होतं : सामान्य पातळी 6 ते 8.3 ग्रॅम प्रति डेसिलिटर.

धाकटा खूश झाला. "दादा, माझ्या रक्तात ताकद भरपूर आहे. तुझीच कमी पडली." थोरला वरमला आणि आठवड्याच्या पगारातून प्रोटीन पावडरचा मोठा डबा घेऊन आला. रोज दोन वेळा दुधातून घेऊ लागला. पायांची सूज मात्र वाढतच गेली.

थोरल्याची बायको हे बघत होती. एके सकाळी ती म्हणाली, "ह्यांच्या पायात चप्पल मावेना. भाऊजी, तुम्हीही चला." दोघांना घेऊन तिने मजुरा गेटजवळचं नवं सिव्हिल हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरांनी एकूण आकड्याखालच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "बेन, रक्तातलं प्रोटीन मुख्यतः दोन प्रकारचं. अल्ब्युमिन यकृतात तयार होतं आणि रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. ग्लोब्युलिनमध्ये रोगांशी लढणारी प्रतिपिंडं येतात. मोठ्या भावाचं अल्ब्युमिन 2.1 आहे, ते साडेतीनच्या वर हवं. लघवीला फेस येतो का?"

"येतो," थोरला हळूच म्हणाला.

लघवी तपासली. तिच्यातून भरपूर प्रोटीन जात होतं. मधुमेहाने मूत्रपिंडाची चाळणी खराब झाली होती. "खाण्यात कमी पडलेलं नाही, गळतंय," डॉक्टर म्हणाले. "पावडर बंद करा. असं मूत्रपिंड असताना जादा प्रोटीनचा भार उलट त्रासदायक ठरतो. साखर, रक्तदाब आणि गळती कमी करणारी औषधं, हाच उपाय."

"आणि माझं?" धाकट्याने विचारलं.

"तुमचं ग्लोब्युलिन 6.2 आहे, साधारण साडेतीनच्या आत हवं. शिवाय हिमोग्लोबिन कमी आणि कंबर दुखते. नुसतं शरीरातलं पाणी आटलं तरी एकूण प्रोटीन वाढतं, पण तेव्हा अल्ब्युमिनही वाढतं. तुमचं तसं नाही. क्षय, यकृताचा जुना आजार, संधिवात यांतही ग्लोब्युलिन चढतं. म्हणून पुढची तपासणी करू."

इलेक्ट्रोफोरेसिस नावाच्या चाचणीत प्रोटीनचे पट्टे वेगळे केले, तेव्हा एकाच जातीचं प्रतिपिंड प्रमाणाबाहेर दिसलं. अस्थिमज्जेच्या तपासणीत निदान पक्कं झालं : मल्टिपल मायलोमा, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग. ज्या आकड्याचा अभिमान होता, तोच हाडं पोखरणाऱ्या रोगाची खूण होता.

धाकटा सुन्न झाला. वहिनी म्हणाली, "भाऊजी, आजार आजचा नाही. कळला मात्र आज. आता औषध वेळेवर घ्यायचं." दोघा भावांचे उपचार सुरू झाले. थोरल्याची सूज काही आठवड्यांत उतरू लागली. धाकट्याचा लढा लांबचा होता. पण निदान आणखी लांबलं असतं, तर हाडं मोडण्याची आणि मूत्रपिंड निकामी होण्याची वेळ आली असती.

तात्पर्य : रक्तातलं प्रोटीन कमी म्हणजे अशक्तपणा आणि जास्त म्हणजे ताकद, असा हिशेब मांडू नये. आकडा फक्त कारण शोधायला सांगतो. अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन वेगवेगळे पाहा, त्यांना लघवीच्या तपासणीची आणि अंगावरच्या लक्षणांची जोड द्या, आणि कुणाच्या बोलण्यावरून डबा विकत घेण्याआधी रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.