झोन तर आला, सई

चिपळूण,
सोमवार, पहाटे

चि. सई,

तुझ्या शोधनिबंधाचा कच्चा खर्डा बाबांनी छापून माझ्या हाती दिला (पडद्यावर वाचलं की माझे डोळे कुरकुर करतात, हे त्याला आताशा न सांगता कळतं), आणि तेव्हापासून रोज पहाटे, दूधवाल्याची सायकल वाजायच्या आधी जो निवांत वेळ मिळतो त्यात मी तो थोडा थोडा वाचतो आहे. छान लिहिलं आहेस गं. वाक्यं सरळ आहेत, आकृत्या स्वच्छ आहेत, आणि मुख्य म्हणजे जे दिसलं तेवढंच लिहिलं आहेस. शिफ बेस लायगंड (धातूला धरून ठेवणारा रेणू) घेऊन त्याचं कॉपरबरोबर संयुग केलंस, ते ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकसच्या प्लेटवर लावलंस आणि दोन्हीकडे झोन, म्हणजे जंतू न वाढलेली मोकळी वर्तुळं, आले. त्या प्लेटचा फोटो आजीने देवघराशेजारी लावून ठेवला आहे. तो काय आहे हे तिला कळत नाही, पण तुझा आहे एवढं तिला पुरतं.

तुझ्या खरेपणाची मला काळजी नाही. कॅरम खेळताना स्ट्रायकर निसटून लागला तर स्वतःच सोंगटी परत ठेवणारी पोर तू, तू आकडे वाढवून लिहिशील असं माझ्या मनातसुद्धा येत नाही. काळजी एकच आहे, घाईची. खर्ड्याच्या शीर्षकात ‘जंतुनाशक आणि कर्करोगविरोधी’ असं दोन्ही आहे आणि दिवाळीच्या आत पाठवायचं म्हणतेस. जंतूंचं आत दिसतं. कर्करोगाच्या नावावर मात्र एकाच जातीच्या पेशींवरची एकच चाचणी आहे, तीही एकदाच केलेली.

मी आयुष्यभर रुग्णालयाच्या औषधविभागात बाटल्या मोजल्या, प्रयोगशाळेतला माणूस मी नव्हे. पण धातूपासून झालेलं, कर्करोगावरचं एक औषध माझ्या हातांतून इतकं गेलं आहे की त्याची सगळी कुळकथा मी मिळवून वाचली. सिस्प्लॅटिन. पुस्तकात तुम्हाला ते एका परिच्छेदात उरकून देतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

हे संयुग मिकेले पेरोने या इटालियन रसायनज्ञाने १८४५ च्या सुमारास केलं, आल्फ्रेड वेर्नरने १८९३ मध्ये त्याची रचना ओळखली, आणि पुढे कितीतरी वर्षं ते बाटलीत पडून राहिलं. कोणाला त्याचं औषधाशी नातं जोडावंसं वाटलं नाही. मग १९६० च्या दशकात अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बार्नेट रोझेनबर्ग नावाचा एक भौतिकशास्त्राचा माणूस वेगळंच काही शोधत बसला होता. विजेच्या क्षेत्राचा पेशींच्या विभाजनावर काही परिणाम होतो का, हे त्याला पाहायचं होतं. त्याने ई. कोलायच्या द्रावणात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड सोडले. प्लॅटिनम घेतलं, कारण ते कशातच भाग घेत नाही असा सगळ्यांचा समज. वीज सुरू केली आणि जंतू विभागायचेच थांबले. मेले मात्र नाहीत, लांबच लांब तंतू होऊन वाढत राहिले, नेहमीच्या तीनशेपटीपर्यंत.

आता तू त्या जागी असतीस तर? वीज लावली, विभाजन थांबलं, ‘विजेने पेशींचं विभाजन थांबतं’ असं शीर्षक तयार. पण ही मंडळी थांबली. त्यांनी जंतू नसलेल्या द्रावणातून आधी वीज सोडली, ती बंद केली आणि मगच त्यात जंतू टाकले. तरी तंतू झालेच. म्हणजे करामत विजेची नव्हती, द्रावणात काहीतरी उतरलं होतं. ते प्लॅटिनम होतं, इलेक्ट्रोडमधून झिरपून द्रावणातल्या अमोनिया आणि क्लोराइडशी जुळलेलं. पुढची गंमत बघ. बाटलीतून प्लॅटिनमचं ताजं संयुग घेऊन द्रावण केलं तर तंतू होईनात. फळीवर उजेडात राहिलेलं जुनं द्रावण घेतलं की व्हायचे. उजेडाने संयुग बदलत होतं. विद्युतभार असलेलं रूप जंतूंना सरळ मारायचं आणि भार नसलेलं रूप विभाजन थांबवायचं, दोन्ही एकाच धातूची. औषध निघालं ते या दुसऱ्या वाटेवरून. नुसतं ‘मारतं’ एवढ्यावर समाधान मानलं असतं तर ते हातचं गेलं असतं.

१९६५ साली नेचरमध्ये जंतूंचा लेख आला, १९६९ मध्ये उंदरांच्या गाठींवरचा, आणि अमेरिकेत औषध म्हणून परवानगी मिळाली ती डिसेंबर १९७८ मध्ये. मधली वर्षं नुसती कागद फिरण्यात गेली नाहीत बरं का. औषध गाठ विरघळवत होतं आणि त्याच जोरात किडन्या बिघडवत होतं, इतकं की ते सोडूनच द्यावं असं काहींना वाटू लागलं होतं. ते वाचलं कशाने? औषधाच्या आधी आणि नंतर भरपूर सलाईन देण्याने. इतकी साधी गोष्ट, पण ती सापडायलासुद्धा कोणीतरी रोज रुग्णांची लघवी मोजत बसावं लागतं.

माझ्या टेबलावर ते यायचं तेव्हा त्याचे लाड असे. उजेड चालत नाही म्हणून व्हायल खोक्यातच ठेवायची. औषध म्हटलं की फ्रीज, असं नव्या पोरांच्या डोक्यात बसलेलं असतं, पण याला फ्रीजमध्ये ठेवलं की तळाशी पिवळे खडे बसतात. ॲल्युमिनियमचा भाग असलेली सुई लावली तर काळा साका धरतो आणि औषधाचा जोर जातो. नुसत्या पाण्यात किंवा ग्लुकोजमध्ये पातळ करायचं नाही, मिठाचं सलाईनच हवं, कारण त्यातलं क्लोराइड संयुगाला सांभाळून धरतं. रक्तात क्लोराइड भरपूर, तिथे ते जसंच्या तसं फिरतं. पेशीच्या आत क्लोराइड कमी, तिथे शिरल्यावर, आपण दारात चपला काढून घरात जावं तसं, ते आपले दोन क्लोराइड सोडतं आणि मोकळ्या झालेल्या दोन्ही जागांनी डीएनएतल्या ग्वानिनला चिकटतं. डीएनएला बाक येतो आणि पेशीचं पुढचं गणित चुकतं. आणि हे दोन क्लोराइड शेजारी शेजारी असावे लागतात. समोरासमोर असले, म्हणजे अणू तेच पण मांडणी वेगळी, तर ते औषध म्हणून काही कामाचं नाही.

वॉर्डात सलाईन लावलेल्या माणसाची पलंगाखालची उलटीची भांडी मी पाहिली आहेत. उलटीवर आताची चांगली औषधं यायच्या आधीचा तो काळ. कानात घूं घूं आवाज येतो म्हणून तक्रार करणारे असत, बोटांना मुंग्या येतात म्हणणारे असत. तरीही पुढच्या पाळीला ते येत, कारण बरी होणारी माणसं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असत. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी हे औषध आणखी दोन औषधांच्या जोडीने वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगावर वापरलं, आणि ज्या आजारात तरणीताठी मुलं हातची जात त्यातली बहुतेक पुढे बरी होऊ लागली. पुढे कार्बोप्लॅटिन आलं, जपानमधून ऑक्झॅलिप्लॅटिन आलं. त्यांचं सांगायला बसलो तर दूध उतू जाईल.

आपल्या मुंबईचंच एक उदाहरण मात्र सांगायलाच हवं. परळच्या टाटा मेमोरियलने गर्भाशयमुखाच्या, बऱ्याच पुढे गेलेल्या कर्करोगाच्या ८५० स्त्रियांवर एक चाचणी केली. निम्म्यांना फक्त किरणोपचार, निम्म्यांना किरणांबरोबर आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन. २००३ मध्ये सुरुवात केली आणि नुसती नावनोंदणी चालली २०११ पर्यंत. त्यानंतर एकेका बाईचा माग ठेवत वर्षं मोजायची. निकाल छापून आला तो २०१८ मध्ये: पाच वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण सिस्प्लॅटिन घेतलेल्यांत ५२.३ टक्के, न घेतलेल्यांत ४३.८ टक्के. म्हणजे शंभरात आठ-नऊ बायकांचा फरक. एवढासा फरक ठामपणे सांगता यावा म्हणून पंधरा वर्षं, आणि तेही जगभर वापरात असलेल्या, जुन्या, स्वस्त औषधासाठी. मला तर हा आकडा वाचून त्या लोकांबद्दल आदरच वाटला.

आता तुझ्या जंतूंकडे येतो. इथे तुझा उत्साह मला पटतो, कारण धातूंनी या कामात पूर्वीही हात दिला आहे. भाजलेल्या माणसाच्या अंगावर पांढरं मलम लावतात ना, सिल्व्हर सल्फाडायझिन, त्याचे डबे मी किती काढून दिले असतील. कलकत्त्याच्या कॅम्पबेल हॉस्पिटलमध्ये उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० मध्ये अँटिमनीपासून युरिया स्टिबामाइन केलं आणि काळ्या आजाराने ओस पडणारी आसाम-बंगालमधली गावं सावरली. त्यांची खोली लहान, गॅस नाही, नळ नाही, रात्री कंदील लावून काम. तुमच्या विभागात सेंट्रीफ्यूज बंद पडलं की तू मला फोन करून वैतागतेस, म्हणून मुद्दाम लिहिलं, रागावू नकोस. आणि अगदी अलीकडे, २०२० मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या गटाने जगभरातून आलेली ९०६ धातुसंयुगं तपासली. त्यांतली ८८ जंतूंवर किंवा बुरशीवर चालली आणि माणसाच्या पेशींना किंवा रक्ताला त्रास देईनात. त्याच संग्रहातल्या बिनधातूच्या लाखो संयुगांच्या मानाने हे प्रमाण दसपटीच्या घरात जातं. तेव्हा तू चुकीच्या दारात उभी नाहीस, बाळ.

फक्त त्यांनी काय केलं ते बघ. जंतूंबरोबर त्याच दमात निरोगी पेशीही तपासल्या, तांबड्या पेशी फुटतात का तेही पाहिलं. तुझ्या खर्ड्यात ते नाही. नुसत्या कॉपर क्लोराइडचा झोन किती येतो, तेही नाही. तांब्याच्या हंड्यातलं पाणी चांगलं राहतं हे आपल्या घरात कोणी शिकवावं लागलं नाही. तांबं एकटंच जंतू मारतं. मग तुझ्या संयुगाने मारले की त्यातून सुटलेल्या तांब्याने, हे कोण सांगणार? नुसत्या लायगंडचीही एक प्लेट हवी. आणि डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं आहेस, तर नुसत्या डीएमएसओची हवीच हवी. डीएमएसओ सिस्प्लॅटिनला चिकटून त्याची ताकद घालवतं हे प्रसिद्ध आहे, आणि तरी कितीतरी लेखांत तुलनेसाठीचं सिस्प्लॅटिन त्याच डीएमएसओत विरघळवलेलं असतं. मग नवं संयुग सिस्प्लॅटिनपेक्षा सरस दिसलं तर नवल ते काय. तूही सिस्प्लॅटिनशी तुलना केली आहेस. ते कशात विरघळवलंस, एवढं मला कळव.

झोनचा व्यास मोठा म्हणजे औषध जोरदार, असंही धरून चालू नकोस. आगरमध्ये जे भराभर पसरतं त्याचा झोन मोठा दिसतो. त्यापेक्षा कमीत कमी किती मात्रेला वाढ थांबते ते काढ. या कामाला सामान जास्त लागत नाही, शहाण्णव खणांची एक प्लेट आणि सकाळचे शांत चार तास. त्यासाठी लवकर उठ, विभागात गर्दी व्हायच्या आत जा. पिपेट धरणाऱ्या हाताला मागून कोणी हाक मारणारं नसलं की खण चुकत नाही. द्रावण केल्या केल्या एकदा तपास, दुसऱ्या दिवशी तेच द्रावण पुन्हा तपास, उजेडातलं वेगळं आणि अंधारातलं वेगळं. संयुग एकदम सगळं संपवू नकोस, थोडं नेहमी मागे ठेव, कारण परीक्षक विचारतील तेव्हा तोच घाणा पुन्हा हवा असतो. आणि सिल्व्हरचं काम निघालं तर उरलेलं बेसिनमध्ये ओतू नकोस, वेगळ्या बाटलीत साठव. पैसेही वाचतात आणि नाल्यातले जीवही.

एक गोष्ट सांगू का नको असं झालं होतं, पण सांगतो. बाबांनी कौतुकाने तुझं शीर्षक सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका वर आले, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि उठता उठता हळूच म्हणाले, सईचं ते तांब्याचं औषध कुठे मिळेल का? काकूंचे उपचार चालू आहेत हे तुला ठाऊक आहे. मी त्यांना सगळं समजावलं, ते समजलेही, पण जिना उतरताना पुन्हा म्हणाले, मिळालं तर कळवा.

म्हणून शीर्षकातला तो दुसरा भाग सध्या काढ. पुढे पेशींच्या आणखी जाती, निरोगी पेशी आणि तीनदा आलेला तोच निकाल हातात असला की खुशाल लिही. दिवाळीला निबंध गेला नाही तर संक्रांतीला जाईल. तुझ्या मार्गदर्शक गुरुजींना सांगायची भीड वाटत असेल तरी मी फोन करणार नाही, ते तूच सांगायचं आहे, पण काय बोलायचं हे ठरवायचं असेल तर पहाटे केव्हाही मला लाव, मी जागाच असतो. आधी मात्र नुसत्या कॉपर क्लोराइडची प्लेट लाव आणि झोन किती मिलिमीटर आला ते कळव. मोठा आला तरी कळव.

तुझे,
आजोबा

ता. क. आजीने मेतकूट दिलं आहे. बाबा बुधवारी पुण्याला येतील तेव्हा डबा परत द्यायला विसरू नकोस, मागचे दोन तुझ्याकडेच आहेत.