सुपासारख्या कानांच्या देवा

हे गजानना, बुधवार पेठेत तुझ्या देवळापासून हाकेच्या अंतरावर बसून मी फाटलेले आवाज दुरुस्त करतो. रोज दुकान उघडलं की उदबत्ती लावून तुला हात जोडतो. आजचं मागणं जरा लांबलं, तर रागावू नकोस.

काल एक पोरगा बारा इंची स्पीकर घेऊन आला. कॉइल जळून काळी पडली होती. नवी बसवली. चुंबकाच्या फटीत ती कुठेही घासता कामा नये, म्हणून दोन बोटांनी कोन हलकेच दाबत कान लावून बसलो. मग एकामागून एक गाणी लावली. आधी ट्रम्पेट, मग मृदंग, मग यंत्राचा ठोका. तोच कागदी कोन तिन्ही आवाजांसाठी सारख्याच इमानाने थरथरला. तेव्हा तुझी आठवण झाली. तुला आम्ही शूर्पकर्ण म्हणतो. सूप धान्याची जात विचारत नाही. ज्वारी असो, तांदूळ असो, ते दाणा ठेवतं आणि फोलपट उडवतं. तुझे कान तसेच आहेत ना?

म्हणून देवा, सगळ्याच वाजवणाऱ्यांसाठी मागतो.

हळदोण्याच्या आंतोनियो शावियर वाझ यांना तू ऐकलंस. जग त्यांना चिक चॉकलेट म्हणे. न्यू ऑर्लिन्सचं जॅझ त्यांनी मुंबईच्या ताजमध्ये वाजवलं. पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांनी त्यांना जवळ केलं आणि 1951च्या ‘अलबेला’त त्यांची ट्रम्पेट घराघरांत पोचली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या अशा कितीतरी जणांनी हिंदी सिनेमाचं संगीत उभं केलं. पाटीवर नाव मात्र बहुतेकांचं लागलं नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस भाग्यवान. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलालजींनी 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात गुरूचं नाव अजरामर केलं. बाकीच्यांची नावं तुझ्या वहीत असू देत.

‘अभंग रिपोस्ट’ची पोरं गिटार आणि ड्रम्सच्या साथीने संतांचे अभंग गातात. ज्या वयात देवळाची पायरी नकोशी होते, त्या वयाची मुलं त्यांच्यासमोर विठ्ठलाच्या नावाने नाचतात. आपल्या पेठेतला पासोड्या विठोबाही ते ऐकून खूश होत असेल. त्यांचा सूर आणि भाव दोन्ही खरे राहू देत.

आणि यंत्रावर संगीत रचणाऱ्यांनाही दूर लोटू नकोस. क्रेटेक्स आणि श्रेयस यांची ‘तांबडी चामडी’ 2024 साली नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने जगापुढे आणली. शिकागोत जन्मलेलं हाऊस संगीत मराठी बोलू लागलं. लॅपटॉपपुढे रात्र जागणारं पोरही रियाजच करत असतं, हे त्याच्या आईवडिलांना कळू दे.

आता माझी चूक तुझ्या पायाशी ठेवतो. विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी स्पीकरच्या भिंती रचायला मीही हात लावला आहे. एका वर्षी तशाच एका भिंतीसमोर एक बाई उभी होती. कडेवर तान्हं मूल. तिने त्याचा एक कान छातीशी घट्ट धरला होता, दुसऱ्यावर तळवा दाबला होता आणि तिचे स्वतःचे दोन्ही कान उघडे होते. तुझ्याच उत्सवात, तुझ्याच नावाने! जळलेली कॉइल मी तासाभरात बदलून देतो. पण कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या ज्या बारीक केसपेशी तू दिल्यास, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्या बदलून देणारं दुकान या पेठेत काय, पृथ्वीवर नाही. मला क्षमा कर. फेडरवर बोट ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो वेळेवर खाली ओढायची बुद्धी दे. ढोल-ताशाच्या पथकातल्या मुलामुलींचे, बँडवाल्यांचे, रात्रभर कन्सोलमागे उभ्या असणाऱ्यांचे कान म्हातारपणापर्यंत शाबूत ठेव. वाजवणाऱ्याला त्याची बिदागी वेळेवर मिळू दे, आणि घरी गेल्यावर थोडी शांतताही.

देवा, स्पीकर दुरुस्त झाला की लोकांना वाटतं, आता हा आवाज पूर्ण चढवून बघणार. मी उलट करतो. आवाज अगदी कमी करतो, पंखा बंद करतो आणि कान जवळ नेतो. कॉइल कुठे घासत असेल, तर ती खरखर मोठ्या आवाजात झाकली जाते, हळू आवाजात लपत नाही.

माझी पारखही तू अशीच कर. गजर थांबला, गुलाल खाली बसला, की तुझे ते मोठे कान माझ्याजवळ आण. खरखर ऐकू आली, तर मला पुन्हा उघड आणि नीट बसव.